चतुःसीमा

मलिकखेड्यात घर मिळतं म्हणे
नव्वद हजारात,
असं पार्सल ऑफिसातला हमाल बोलला
केळीच्या घडांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता.
मी हसले. नव्वद हजारात
भुसावळला स्कूटर येते.

तरी गेले. चोपड्याहून एसटी,
पुढे टमटम, पुढे पायी.
तापीच्या दरडीवर एकेचाळीस उंबरे,
त्यातले चौदा कुलुपाचे.
कडेला एक घुमट, निळ्या पाटीचा,
'संरक्षित स्मारक'. आत शेळ्या
कुठल्याशा राजाच्या कबरीशेजारच्या गारव्याला
भर दुपारी रवंथ करत बसलेल्या.

घर म्हणजे दोन खण, धाब्याचं.
वर खारी माती, तिच्यावर गवत उगवून वाळलेलं.
आत चुलीमागच्या काजळीत बोटाने ओढलेल्या
कसल्यातरी हिशेबाच्या रेघा.
पायरीचा दगड मात्र मोठ्या घराण्यातला,
उलटा बसवलेला, त्यावरची वेल
खाली डोकं वर पाय.
"किल्लाना शे," शेजारच्या भुराबाई म्हणाल्या,
"सासरानी गाडीवर आणा व्हता."
जसं बाजारातून कोहळं आणावं.

मालक सुरतेत, उधन्याला, मागावर.
फोनमध्ये त्याच्यामागे खडखडाट.
"पाणी चांगलं आहे, बाई!" तो ओरडायचा,
आणि किमतीचं बोलणं आलं की गप्प,
धागा तुटल्यासारखा.
शेवटी सत्त्याऐंशीला ठरलं.
मग म्हणाला, "एक विचारू? राहणार, का विकणार?"
राहणार, म्हटलं.
"मग पंच्याऐंशी द्या."

शिरपूरच्या कचेरीत यंत्राने
माझा अंगठा तीनदा नाकारला.
एकतीस वर्षं सुतळी, लाख, शिक्के;
रेघा पार्सलांबरोबर गावोगाव गेलेल्या.
लेखनिक वाचत होता एका दमात:
पूर्वेस भुराबाई झिपरू कोळी यांचे घर,
पश्चिमेस सरकारी घुमट,
दक्षिणेस बोळ,
उत्तरेस चिंच.

कुठली चिंच?
"जुन्या दस्तात आहे."
मालक म्हणाला, ती तर बापाच्या लहानपणीच पडली.
"राहू द्या हो. हद्द बदलली
तर पुन्हा मोजणी लागेल."
अशी मी एका नसलेल्या झाडाची
कायदेशीर शेजारीण झाले.

नाव सांगितलं तशा भुराबाई थबकल्या.
"यमुना? मंग तापीनी बहीण शे तू.
उशीर करा, माय, येवाले."

पण मला सांगायचंय ते भिंतीचं.
रेल्वेच्या क्वार्टरमध्ये खिळा ठोकायला मनाई.
एकतीस कॅलेंडरं
मी खिडकीच्या गजाला बांधली.
म्हणून पहिल्याच सकाळी हातोडी घेऊन
पूर्वेच्या भिंतीला फेरी मारायला गेले,
कुठे पोकळ, कुठे भरीव ते बघत,
तर बाहेरून आधीच एक खुंटा.
बाभळीचा. दाव्याने घासून गुळगुळीत.
त्याला भुराबाईंची म्हैस.

चाळीस वर्षांपासून, त्या म्हणाल्या.
म्हणजे म्हैस नाही, खुंटा.
दस्तात तो नाही. पूर्वेस नाही, कुठेच नाही.
"काढू?" त्यांनी विचारलं,
इतक्या हळू
की म्हशीने कान फिरवला.

मी हातोडी पिशवीत ठेवली.

रात्री लाईट गेली.
दादरची भाकरी, लसणाची चटणी, चाचपडत.
भिंतीपलीकडे काहीतरी जड, सावकाश खाली बसलं,
आणि चिमूटभर पांढरी माती
माझ्या ताटात पडली.
तिने पाठ टेकली असणार.
या बाजूने
मीही टेकली.

कॅलेंडर अजून गुंडाळलेलंच आहे.